घाम न येणारा रांजण

“वाकवून देता की नाही, तेवढंच सांगा,” यामिनी म्हणाली.

रुखमाजी कासारांनी मान वर केली नाही. मांडीवर पालथा घातलेला पाण्याचा पितळी गुंड ते लाकडी मोगरीनं ठोकत होते. ठोका... थोडं फिरवणं... पुन्हा ठोका.

भंडाऱ्याच्या त्या गल्लीत एकेकाळी अशा ठोक्यांमुळे बोललेलं ऐकू येत नसे. आता एकट्या रुखमाजींच्या पडवीतून आवाज येई. वय ऐंशीला टेकलेलं. अंगावर बंडी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा.

यामिनीनं हातातली तांब्याची नळी आणि छापून आणलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. कागदावर तिनं स्वतः काढलेली आकृती होती. नळी कुठे वळायची, किती वळायची, सगळं मिलिमीटरमध्ये.

रुखमाजींनी कागद उचलला. उलटा धरला, सुलटा धरला.

“पान्याले इतके कोपरे काहून?”

यामिनीनं समजावून सांगितलं. नळी जितकी जास्त वेळा वळेल, तितकी कमी जागेत जास्त मावेल, आणि तितकी उष्णता बाहेर पडेल. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झाली होती, हेही तिनं ओघात सांगून टाकलं.

रुखमाजी “हूं” म्हणाले.

मग तिनं सगळंच सांगितलं. तिच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, मोठा, टेबलावरचा. सुटे भाग जमवून तिनं तो स्वतः जोडलाय. मे महिन्यात वरच्या खोलीत तो इतका तापतो, की अकरा वाजले की आपोआप बंद पडतो आणि ऊन उतरल्याशिवाय चालू होत नाही. पंख्यानं भागत नाही, कारण पंखा गरम हवाच फिरवतो. कूलर लावावा तर खोली दमट होते. म्हणून ती पाण्यानं त्याला थंड करणार आहे. यंत्राच्या तापणाऱ्या जागेवरून पाणी फिरवायचं, ते नळीतून रांजणात न्यायचं, तिथं थंड करायचं आणि परत आणायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा.

“रांजनात?” रुखमाजींचा हात थांबला.

“नळीतलं पाणी रांजणात मिसळत नाही. रांजणातल्या पाण्यात नुसतं नळीचं वेटोळं बुडलेलं राहतं.”

“कोनी सांगलं तुले हे?”

“कुणी नाही. माझं मीच काढलं.”

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून तिच्याकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात कौतुक होतं, पण यामिनीला ते दिसलं नाही. ती घड्याळाकडे पाहत होती.

“असं काय करते ते यंत्र, का एवढं तापते?”

“विचार करतं समजा.”

“कोनाचा?”

या प्रश्नाची यामिनीला अपेक्षा नव्हती.

“सारसाचा,” ती म्हणाली.

रुखमाजींनी मोगरी खाली ठेवली.

सारस म्हणजे माणसाएवढा उंच, लाल मानेचा क्रौंच. तलावाकाठच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात, जोडीनं फिरतो. यामिनीनं त्याच्यावर सहा मिनिटांचा चित्रपट केला होता. कॅमेऱ्यानं काढलेला नव्हे. कॉम्प्युटरवर पक्षी घडवून, त्याचं एकेक पीस बसवून, त्याला चालायला शिकवून. त्यात तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. आता फक्त यंत्रानं प्रत्येक चित्र पक्कं करून द्यायचं राहिलं होतं. कुठल्या पिसावर किती ऊन, कुठल्या पाण्यात कुठली सावली, हे सगळं यंत्र मोजतं, म्हणून तापतं.

दूरच्या शहरातल्या एका संस्थेत असे चित्रपट करायला शिकवतात. चित्रपट तिथं पोचायचा होता रविवारी संध्याकाळी सहाच्या आत. आज बुधवार. यंत्र दुपारभर बंद पडत राहिलं तर तो पुरा होणार नव्हता, हे तिनं दहादा हिशेब करून पाहिलं होतं.

आणि तिच्या बाबांनी तिला एक वर्ष दिलं होतं. एक वर्ष तुझ्या मनासारखं कर, मग मी म्हणेन त्या कारखान्यात नोकरीला लाग. ते वर्षही रविवारीच संपत होतं.

“आजवर किती नळ्या मोडल्या?” रुखमाजींनी विचारलं.

यामिनी नळीचं टोक ओढणीनं पुसू लागली.

“मोडल्या असतीनच. त्याबिगर माह्याकडं कोनी येत नाही.”

“पाच,” ती म्हणाली. “वळणावर चपट्या होतात. ही शेवटची आहे.”

रुखमाजी उठले. गुडघ्यावर हात देत भट्टीपाशी गेले. कोळसा ढोसला, भाता चालवला. नळी एका टोकापासून विस्तवात धरली आणि वीत वीत पुढे सरकवत नेली. तांबं आधी काळवंडलं, मग त्याच्यावर मोराच्या गळ्यासारखे रंग चढले, मग ते मंद लाल झालं.

इथवर यामिनीला पटलं. तापवलं की धातू नरम पडणार, तापलेलाच वाकवायचा. तिनं हातात फडकी गुंडाळून घेतली.

पण रुखमाजींनी सांडशीनं ती लाल नळी उचलली आणि पाण्याच्या घमेल्याकडे नेली.

“थांबा,” यामिनी पुढे झाली. “पाण्यात नका घालू. कडक होईल. मग वाकवताना तुटेल.”

नळी पाण्यावर वीतभर अंतरावर थांबली.

“कोनी सांगलं?”

“पुस्तकात आहे. लाल झालेला धातू एकदम पाण्यात बुडवला की कडक होतो. परीक्षेला होतं आम्हाला.”

“कायचं पुस्तक?”

यामिनीनं आठवून पाहिलं. ते पान तिच्या डोळ्यांसमोर आलं. पानावरचं चित्र आलं. चित्राखालची ओळ आली...

“लोखंडाचं,” ती हळू आवाजात म्हणाली.

“आन हे?”

नळी पाण्यात गेली आणि चर्रर्र करून वाफ उठली. पडवीभर पाण्याचा आणि तांब्याचा वास पसरला.

रुखमाजींनी थंड झालेली नळी तिच्या हातात दिली.

“वाकव.”

यामिनीनं भीतभीत अंगठे टेकवले. जरासा जोर दिला. नळी अशी वळली, जशी भिजलेल्या सुंभाची दोरी वळावी. ना कुरकुर, ना घडी.

ती तिथंच उभी राहिली. पाच नळ्यांशी ती आठवडाभर झगडली होती. गुडघ्यावर घेऊन, दाराच्या फटीत अडकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून.

“लोखंड पान्यात घातलं का अकडते,” रुखमाजी म्हणाले. “तांबं नरमते. पानी तेच.”

“मग माझ्या आधीच्या नळ्या?”

“त्यायले तू ठोकलं, वाकवलं, पुन्हा सरळ केलं. मार खाऊन तांबं शहानं नाही होत, बाई. कडक होते.”

त्यांनी कोनाड्यातून एक मोठा पितळी गडवा काढला आणि पालथा घातला. याच्याभोवती गुंडाळ म्हणाले. कोपरे कशाला, पाण्याला गोल फिरू दे. यामिनीनं कागदावरच्या आकृतीकडे एकदा पाहिलं आणि कागदाची घडी घातली.

पहिला वेढा तरी तुम्ही घालून द्या, असं ती म्हणाली. वळून पाहिलं तर रुखमाजी शेजारच्या पायरीवर बशीत चहा ओतत होते, तिच्याकडे पाठ करून.

तिनं स्वतःच आठ वेढे घातले. एकसारखे, सुबक, एकमेकांना न चिकटलेले. पुरे झाले तेव्हा तिला आपल्याच हातांचं नवल वाटलं.

घरी गेल्यावर तिनं उरलेली जोडणी केली. ती जोडणी पाहण्यासारखी होती, आणि ती पाहायला कुणाला परवानगी नव्हती.

पाणी साठवायला लोणच्याची काचेची बरणी. पाणी फिरवायला कूलरचा छोटा पंप. आत क्षार बसू नयेत म्हणून गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. यंत्राच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर बसायला तांब्याची चपटी डबी, आईच्या फुटक्या ताम्हणाचा पत्रा कापून, घासून आरशासारखा सपाट करून, कडा कथलाचा डाग देऊन बंद केलेली. कोपऱ्यात रांजण. तो नवाकोरा होता आणि तिनं त्याला आधीच बाहेरून निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले होते, खोलीत ओल नको म्हणून.

प्रत्येक सांध्याखाली तिनं वर्तमानपत्राचा कपटा ठेवला आणि चार तास नुसतं पाणी फिरवलं. कारण एक थेंब जरी यंत्रावर पडला असता तरी सारस आणि वर्ष दोन्ही गेलं असतं. चार तासांनी सगळे कपटे कोरडे होते. मगच तिनं यंत्र चालू केलं.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला पडद्यावर तापमानाचा आकडा होता अठ्ठावन्न. रोज या वेळी तो नव्वदच्या वर असे. यामिनी खुर्चीत मागे रेलली. तिला वाटलं, झालं.

बाराला आकडा सत्तरवर गेला. एकला चौऱ्याऐंशी. पावणेदोनला पडदा काळा झाला.

तिनं रांजणात हात घातला. पाणी अंघोळीला काढल्यासारखं कढत होतं.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा पडवीत उभी होती.

रुखमाजींशी ती उर्मटपणे बोलली नाही, पण तिच्या बोलण्याला धार होती. वेढे कमी पडले, ती म्हणाली. तिच्या मूळ आकृतीत नळी दुप्पट मावत होती. कोपरे हवेच होते. गोल फिरवायचं ऐकलं, तिथंच चुकलं. आता नवी नळी आणायला वेळ नाही.

रुखमाजींनी सगळं ऐकून घेतलं.

“मले देखवशीन का तुहं यंत्र?” एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खुंटीवरची टोपी घेतली.

उन्हात ते हळू चालत. दर चार घरांनी सावलीला थांबत. यामिनीला त्यांच्या पावलानं चालावं लागलं. दार उघडायला आई आली. एवढ्या वर्षांत कुणाच्या घरी न गेलेले रुखमाजी दारात पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि पाणी आणायला धावली.

वरच्या खोलीत ते यंत्रापुढे उकिडवे बसले.

यामिनीनं पंप चालू केला. पारदर्शक नळीतून पाणी सरकू लागलं. रुखमाजी ते पाहत राहिले, जसं लहान मूल मुंग्यांची रांग पाहतं. बरणी पाहिली. पंपाला कान लावला. ताम्हणाच्या डबीवरून बोट फिरवलं आणि बोट तिथंच थोडा वेळ राहू दिलं.

“डाग कोनी देल्ला?”

“मीच दिला.”

“हे आमच्यातल्या पोरायले नाही जमत आता,” ते म्हणाले. “लय साजरं केलं, बाप्पा. लय साजरं.”

यामिनीची मान ताठ झाली. “कुठूनही एक थेंब बाहेर येत नाही,” ती म्हणाली.

“ते दिसूनच रायलं.”

मग ते रांजणाकडे वळले. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी रांजणाच्या पोटावर तळहात ठेवला. जरा खाली सरकवला. मागच्या बाजूला नेला. हात काढून पाहिला. तळहात कोरडा होता.

“याले घाम काहून नाही?”

“रंग दिलाय. दोन हात,” यामिनी म्हणाली. “पाझरला असता. यंत्राजवळ ओल नको.”

रुखमाजींनी निळ्या रंगावर नख ओढून पाहिलं.

खोलीत पंपाची घरघर तेवढी चालू होती...

“नळीनं गळू नये, हे बरोबर,” ते म्हणाले. “पन रांजनाले काहून शिक्षा देल्ली?”

यामिनी रांजणाकडे पाहत राहिली.

तिला सहावीतला प्रश्न आठवला. मातीच्या रांजणातील पाणी थंड का राहते? कारणे द्या. तिनं उत्तर लिहिलं होतं. मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते, वाफ होताना ते आतली उष्णता घेऊन जाते. बाईंनी तिची वही वर्गात सगळ्यांना दाखवली होती. त्याच हातांनी तिनं ती सगळी छिद्रं बुजवली होती, दोन वेळा, मधे वाळायला वेळ देऊन.

पाण्याचा तांब्या घेऊन आई दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि तिला हसू आवरेना.

“निळा रांजण,” ती म्हणाली. “अहो, मला वाटलं शोभेला आहे. मला विचारलं असतं तर सांगितलं नसतं का? पण आमची बाई घरातल्यांना विचारत नाही. विचारलं तर डिप्लोमा कमी होतो.”

एरवी यामिनीनं उलट उत्तर दिलं असतं. आज तिनं फक्त विचारलं, “पण पाझरला तर इथं ओल येईल. यंत्राचं काय करायचं?”

“यंत्र राहू दे आत,” रुखमाजी म्हणाले. “रांजन बाहेर ने.”

खोलीला लागून गॅलरी होती. खिडकीच्या गजांतून नळ्या सहज बाहेर जात होत्या. तिथं सावली होती, आणि कोरडा गरम वारा दिवसभर वाहत होता. यामिनीनं आजवर त्या वाऱ्याला फक्त शिव्या दिल्या होत्या.

निळा रांजण खरवडून उपयोग नव्हता, रंग आत मुरला होता. आई स्वतः कुंभाराकडे गेली आणि बोटांनी टिचक्या मारून नवा रांजण निवडून आणला. गॅलरीत तिवईवर तो बसवला. यामिनीनं त्यात विहिरीचं पाणी भरलं आणि वेटोळं हलक्या हातानं आत सोडलं.

रुखमाजी भिंतीला टेकून बसून होते. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

अर्ध्या तासात रांजणाचा रंग बदलू लागला. तांबूस मातीवर गडद डाग पसरले. मग त्या डागांवर बारीक मोत्यासारखे थेंब फुटले. एक थेंब वाढला, घसरला, दुसऱ्याला मिळाला आणि तिवईखाली टपकला.

यामिनीनं यंत्र चालू केलं.

बारा वाजता आकडा चोपन्न. दीडला साठ. आई खाली गेली, जेवायला हाक मारली, कुणी आलं नाही. रुखमाजी डोळे मिटून बसले होते. अडीच वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पत्रे तापून कडकड वाजत होते. आकडा बासष्टवर आला, आणि बासष्टवरच बसला.

यामिनी गॅलरीत गेली. तिनं रांजणात जाणाऱ्या नळीला एका हातानं धरलं आणि बाहेर येणाऱ्या नळीला दुसऱ्या हातानं. एक कोमट होती, एक गार. ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

तिच्या मनात आलं, या माणसानं आपल्याला तीन दिवसांत जेमतेम काही वाक्यं सांगितली असतील. त्यातलं एकही खोटं पाडता आलं नाही. आणि आपण त्याच्याकडे नळी वाकवून घ्यायला गेलो होतो.

“बाबाजी,” ती म्हणाली, “तुम्हाला हे रांजणाचं आधीच माहीत होतं, मग बुधवारीच का नाही सांगितलं?”

“बुधवारी तू नळी आनली होती,” ते म्हणाले. “रांजन कोठी आनला होता?”

शुक्रवारची दुपार गेली. शनिवारची दुपार गेली, त्या दिवशी ऊन सेहेचाळीसला पोचलं. यंत्र बंद पडलं नाही. रोज सकाळी आणि संध्याकाळी यामिनी रांजणात पाणी घालत होती. जितकं हवेत उडून जाई, तितकं.

रविवारी सकाळी नऊ वाजता शेवटचं चित्र पुरं झालं. साडेअकराला चित्रपट संस्थेकडे पोचल्याचं पडद्यावर आलं. बाबांनी ते वाचलं. एकदा यामिनीकडे पाहिलं, एकदा गॅलरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “आता निकाल लागेपर्यंत कारखान्याचा विषय नको.” मग ते खाली गेले.

यामिनी तशीच अनवाणी रुखमाजींना आणायला निघाली. आईनं मागून चपला फेकल्या.

ते आले. खुर्ची नको म्हणाले, जमिनीवर बसले. चष्म्याचा दोरा नीट केला.

सहा मिनिटं.

पडद्यावर धानाची बांधी होती. पहाटेचं धुकं होतं. सारसाची जोडी चरत होती. मग एकटाच सारस होता. तो बांधावर उभा होता, मान उंच करून. ऊन चढलं, सावली आखडली, पुन्हा लांबली. तो तिथंच होता. शेवटी त्यानं एक पाऊल उचललं, हवेत धरलं... आणि खाली ठेवलं नाही. चित्रपट तिथं संपत होता.

रुखमाजी अजून पडद्याकडेच पाहत होते.

यामिनीनं आजवर हा चित्रपट कुणाला दाखवला नव्हता. नळ्या मोडल्या तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पडदा काळा झाला तेव्हाही नाही. बाबांनी एक वर्ष म्हटलं तेव्हा तिनं फक्त “बरं” म्हटलं होतं. आता ती ओठ मिटून म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहत उभी होती, आणि संस्थेच्या निकालापेक्षा तिला हाच निकाल मोठा वाटत होता.

“तलावावर गेली असशीन तू,” रुखमाजी म्हणाले.

“वर्षभर गेले. रोज सकाळी.”

“पाय कसा धरते तो, ते कोनी पायत नाही,” ते म्हणाले. “तुनं पायलं.”

एवढंच.

यामिनी “हो” म्हणायला गेली आणि तिला “हो” म्हणता आलं नाही. ती वळली आणि गॅलरीत गेली. तिवईखाली थारोळं साचलं होतं. तिनं दांडीवरचं फडकं ओढलं, खाली बसली आणि मान घालून फरशी पुसू लागली. जिथं कोरडं होतं तिथंही पुसू लागली. तिचे खांदे हलत होते.

रुखमाजी उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. रांजणावर हात ठेवला. तळहात ओला झाला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

“डोळ्यात काहीतरी गेलं,” यामिनी खाली पाहतच म्हणाली. “हे एवढं पुसते आणि चहा टाकते.”

फडकं पुन्हा फरशीवरून फिरलं...

“पुसू नको, बाई,” रुखमाजी म्हणाले. “नवा हाय. पाझरू दे.”